बेन जॉन्सनची मांड

प्रश्न दोन पदरी आहे. जुन्या हॉलिवूड वेस्टर्नमधले नट खरोखर घोडेस्वार होते का, की तो सगळा डुप्लिकेटचा खेळ होता? आणि ऐतिहासिक मालिकेत पहिल्यांदाच घोड्यावर बसायची वेळ आलेल्या नव्या नटाने त्यांच्यातल्या कुणाचं काम डोळे उघडे ठेवून बघावं?

घोडे तयार करणं आणि घोड्यावर बसणारे नट तयार करणं, या दोन्ही कामांवर माझं पोट चालत आलंय. यातलं दुसरं काम जास्त अवघड. पहिल्या पदराचं उत्तर थोडक्यात देतो. बहुतेक नामवंतांना बरं बसता यायचं, काहींना उत्तम, आणि हाडं मोडायची शक्यता असलेलं काम मात्र पगारी माणसं करायची. लाँग शॉटला डुप्लिकेट आणि क्लोजअपला नट, ही पद्धत तिथेही होती, इथेही आहे. दुसऱ्या पदराला माझ्याकडे एकच नाव आहे: बेन जॉन्सन. जॉन वेन, गॅरी कूपर, जेम्स स्ट्यूअर्ट या मोठ्या ताऱ्यांसाठी घोड्यावरून पडण्या-दौडण्याचं काम केलेला हा माणूस पुढे स्वतः नट झाला, रोडिओचा, म्हणजे गुराख्यांच्या घोडेस्वारी-दोरफेकीच्या स्पर्धांचा, जागतिक विजेता झाला आणि ऑस्करही घेऊन गेला. हे दोन्ही किताब मिळवणारा तो एकटाच.

आधी बघायचं काय ते सांगतो, मग त्याचं आयुष्य. नवशिका नट घोड्यावर बसला की त्याचं सगळं लक्ष खाली असतं. खांदे कानांपर्यंत चढतात, लगाम छातीशी येतो, गुडघे खोगिराला चिमटा काढतात आणि तोंडावर एकच भाव उरतो, पडू नये म्हणून केलेल्या प्रार्थनेचा. संवाद कितीही जोरकस असो, कॅमेऱ्याला ती प्रार्थना दिसते. जॉन्सन बसतो तेव्हा कमरेखालचं सगळं घोड्याबरोबर हलतं आणि कमरेवरचं स्थिर असतं. लगाम एका हातात, सैल. दुसरा हात मोकळा, कारण गुराख्याला त्या हातात दोर धरायचा असतो. घोडा चौखूर असताना तो मागे वळून बघतो, टोपी सावरतो, बोलतो. घोडा सांभाळायला त्याला वेगळं लक्ष खर्च करावं लागत नाही, म्हणून ते सगळं लक्ष त्याच्या चेहऱ्यावर येतं. माझ्या मते त्याच्या पुढच्या सगळ्या अभिनयाचं मूळ इथे आहे.

हे कुठल्या तालमीत मिळालेलं नाही. १३ जून १९१८ रोजी ओक्लाहोमातल्या ओसेज काउंटीत, फोरेकर नावाच्या छोट्या गावात त्याचा जन्म झाला. वडिलांचं नावही बेन जॉन्सनच. ते चॅपमन-बर्नार्ड या गुरांच्या अवाढव्य रँचवर मुकादम होते आणि दोरफेकीतले नावाजलेले गडी होते. उंच गवताचा तो मुलूख आजही बराचसा तसाच आहे, कारण त्या रँचची जमीन पुढे प्रेअरीच्या संवर्धनासाठी राखली गेली. पोरगा तिथेच गुरं वळत, घोडे शिकवत मोठा झाला. बापाइतका मोठा दोरफेक्या व्हायचं, ही त्याची महत्त्वाकांक्षा. सिनेमा तिच्यात कुठेच नव्हता.

सिनेमा आला तो निर्माता हॉवर्ड ह्यूजमुळे. १९४०च्या सुमाराला ह्यूजला 'द आउटलॉ' या चित्रपटासाठी घोडे हवे होते. ते त्याने या रँचवरून घेतले आणि घोडे पोचवायला माणूस हवा म्हणून बेन त्यांच्याबरोबर गेला. रँचवर त्याला दिवसाला एक डॉलर मिळायचा. हॉलिवूडचा पहिला चेक तीनशे डॉलरचा होता. त्यानंतर मला कुणी सोट्याने हाणलं असतं तरी मी ओक्लाहोमाला परत गेलो नसतो, असं तो पुढे सांगायचा. आगगाडीच्या डब्यातून घोड्यांबरोबर हॉलिवूडला आलो, हेही त्याचं ठरलेलं वाक्य होतं, आणि ते अक्षरशः खरं होतं.

तो आला तो काळ घोड्यांच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. त्याआधीच्या वर्षांत घोडा पाडायला 'रनिंग डब्ल्यू' नावाची क्रूर युक्ती सर्रास वापरायचे: पुढच्या पायांना तारा बांधायच्या, दुसरं टोक जमिनीत पुरलेल्या खुंट्याला. घोडा भरधाव सुटला की तार संपते आणि तो डोक्यावर आपटतो. १९३९ मध्ये एका चित्रपटासाठी घोडा कड्यावरून खाली पाडला गेला, ओरड झाली, आणि पुढच्या वर्षापासून अमेरिकन ह्युमेन या संस्थेला सेटवर देखरेखीचा हक्क मिळाला. वाईट प्रथा एका दिवसात गेली नाही, पण खुणेवर स्वतःहून आडवा होणारा, शिकवलेला घोडा आणि त्याला खूण देऊ शकणारा स्वार यांची किंमत वाढली. जॉन्सनसारख्या माणसाला काम मिळत राहिलं त्यात या बदलाचा वाटा आहे, असं मला वाटतं.

हॉलिवूडला घोडे पुरवणारा एक मोठा तबेला फॅट जोन्सचा होता. जॉन्सन त्या वर्तुळात वावरला आणि १९४१ मध्ये फॅट जोन्सच्याच मुलीशी, कॅरलशी, त्याचं लग्न झालं. हा संसार १९९४ मध्ये कॅरल जाईपर्यंत टिकला. स्टील नावाचा एक देखणा घोडाही याच तबेल्यातला. 'शी वोर अ येलो रिबन'मध्ये जॉन्सनच्या मांडीखाली जो दिसतो तो हाच. आमच्या धंद्यात चांगला घोडा आणि चांगला स्वार यांची जोडी जमली की दिग्दर्शकाने फक्त कॅमेरा लावायचा असतो.

१९४८च्या 'फोर्ट अपाचे'मध्ये तो हेन्री फोंडाच्या जागी घोडदौड करत होता. दिग्दर्शक जॉन फोर्ड. चित्रीकरण चालू असताना तीन माणसं बसलेल्या एका गाडीचे घोडे उधळले. जॉन्सन तेव्हा घोड्यावरच होता. त्याने पाठलाग करून गाडी थांबवली आणि माणसं वाचली. उधळलेली जोडी थांबवणं म्हणजे काय, हे न केलेल्याला सांगणं कठीण. समोरून आडवं जाता येत नाही. बाजूने वेग जुळवायचा, पुढच्या घोड्याचं तोंड धरायचं आणि हळूहळू वळवत आणायचं, आणि हे करताना आपला घोडा बिथरू द्यायचा नाही. फोर्ड म्हणाला, याचं बक्षीस मिळेल. जॉन्सनला वाटलं, अजून एखादं डुप्लिकेटचं काम मिळेल. मिळाला सात वर्षांचा नट म्हणून करार. तो सांगायचा की पाचव्या ओळीत आठवड्याला पाच हजार डॉलर हा आकडा दिसला आणि पुढचं न वाचताच त्याने पेन मागितलं.

मग आली फोर्डबरोबरची ती छोटी पण भरगच्च वर्षं. १९४९ मध्ये 'मायटी जो यंग'मध्ये प्रमुख भूमिका. त्यात नायक महाकाय गोरिलाच्या मागे दोर घेऊन धावतो, म्हणजे जॉन्सनला नेहमीचंच काम, फक्त जनावर वेगळं. त्याच वर्षी 'शी वोर अ येलो रिबन'मध्ये सार्जंट टायरी. मॉन्युमेंट व्हॅलीची लाल माती, मागे लागलेले स्वार, आणि एकटा टायरी दौडत येऊन घळ ओलांडतो. ही उडी नटांना दाखवताना मी आवाज बंद करतो. उडीच्या आधी तो घोड्याला ओढत नाही, उडी घेताना त्याच्या तोंडाला झटका देत नाही, आणि पलीकडे उतरल्यावर मागे बघतो ते कुतूहलाने. त्या वळून बघण्यात सगळं पात्र आहे. हुद्देदारांनी मत विचारलं की हा टायरी ते आपलं खातं नाही म्हणून हात झटकतो आणि मग नेमकं तेच सांगतो जे सांगायला हवं. असे हवालदार आपल्या फौजेतही भेटतात.

१९५०चा 'वॅगन मास्टर' माझा सर्वांत आवडता. युटामधल्या मोआबजवळ चित्रित झालेला, मॉर्मन या ख्रिस्ती पंथाच्या लोकांचा तांडा पश्चिमेकडे नेणाऱ्या दोन घोडेव्यापाऱ्यांची गोष्ट. मोठा तारा कुणी नाही. जॉन्सन, हॅरी केरी ज्युनियर आणि वॉर्ड बाँड. जॉन्सन यात नायक आहे, ट्रॅव्हिस, आणि नायकासारखं काहीही करत नाही. कुंपणावर बसून लाकूड तासतो, घोड्याचा सौदा करतो, हळू बोलतो. या चित्रपटावर फोर्डचाही विशेष जीव होता. तो बघून कळतं की जॉन्सनला वेनसारखा नायक करता येणार नव्हता, आणि फोर्डला ते नकोही होतं.

त्याच वर्षीच्या 'रिओ ग्रँड'मध्ये रोमन रायडिंग आहे: दोन घोडे शेजारी-शेजारी, एकेका पाठीवर एकेक पाय, आणि उभ्याने दौड, वर अडथळाही पार करायचा. जॉन्सन आणि केरी यांनी हे स्वतः केलं, आणि त्यांच्याबरोबर क्लॉड जार्मन ज्युनियर या कोवळ्या पोरानेही. जाणत्याने बघावं ते गुडघ्यांकडे. ते ताठ झाले की माणूस गेला. (हे बघून घरी करायला जाऊ नका. हे मी गमतीने सांगत नाही, मला तसे फोन आलेले आहेत.)

याच चित्रीकरणात फोर्डशी बिनसलं. हॅरी केरीने पुढे लिहून ठेवलेली हकिगत अशी: जेवणाच्या टेबलावर जॉन्सन केरीशी त्या दिवसाच्या शॉटबद्दल हलक्या आवाजात बोलत होता. गोळ्या भरपूर सुटल्या, पडलं मात्र फारसं कुणी नाही, अशा अर्थाचं काहीतरी. फोर्डच्या कानावर गेलं आणि तो सगळ्यांसमोर त्याच्यावर खेकसला. जॉन्सन उठला, जाता जाता फोर्डला दोन शब्द ऐकवले आणि बाहेर पडला. चित्रपट पुरा झाला, पण त्यानंतर फोर्डने त्याला काम दिलं ते थेट १९६४ मध्ये. हॉलिवूडचा सर्वांत वजनदार वेस्टर्न दिग्दर्शक पाठीशी असताना शिवी खाऊन गप्प बसणं सोपं होतं. ते त्याला जमलं नाही आणि त्याची किंमत त्याने चुकवली. पण रँचवर वाढलेल्या माणसाला मालक बदलणं नवीन नसतं, हेही खरं.

'शेन'मध्ये तो आहे, खलनायकाच्या टोळीतला ख्रिस कॅलोवे. आधी शेनची टर उडवतो, मग त्याच्याशी मारामारी करून मार खातो, आणि शेवटी मन बदलून त्यालाच सावध करायला येतो. हा शेवटचा छोटा प्रसंग कुणाच्या फार लक्षात राहत नाही, पण तो जरूर बघा. पश्चात्ताप दाखवण्यासाठी तो काहीही करत नाही.

आणि 'शेन' प्रदर्शित झाला त्याच १९५३ साली या गड्याने चित्रपट बाजूला ठेवून वर्षभर रोडिओ केला. वडिलांसारखा विजेता व्हायचंच होतं. त्याची स्पर्धा 'टीम रोपिंग'. दोन स्वार, एक बैल. एकाने धावत्या बैलाच्या शिंगांत फास टाकायचा आणि त्याला वळवायचं, दुसऱ्याने मागच्या पायांत फास टाकायचा, आणि सगळं काही सेकंदांत. फास बसला की दोराचा मोकळा भाग खोगिराच्या पुढच्या बोंडाला झटकन गुंडाळावा लागतो. त्या वेढ्यात अंगठा सापडला तर तुटतो, आणि चार बोटांचे दोरफेके अमेरिकेत बरेच बघायला मिळतात. जॉन्सन त्या वर्षी टीम रोपिंगचा जागतिक विजेता झाला. वर्षाअखेरी हिशेब मांडला तेव्हा हातात उरलं काय, तर झिजलेली मोटार, चिडलेली बायको आणि खिशात जवळपास काहीच नाही, असं तो हसत सांगायचा. मग पुन्हा सिनेमात आला, कारण तिथे पैसे मिळायचे. तरीही ऑस्करपेक्षा त्याला रोडिओच्या विजेत्याला मिळणाऱ्या पट्ट्याच्या बकलाचं अप्रूप जास्त होतं, हे त्याने कधी लपवलं नाही.

पुढची काही वर्षं मी भरभर ओलांडतो. दुय्यम भूमिका, टीव्हीवरची कामं. मग दिग्दर्शक सॅम पेकिनपा भेटला आणि त्याने जॉन्सनला चार चित्रपटांत घेतलं. त्यातला १९६९चा 'द वाइल्ड बंच' सगळ्यांना माहीत असतो. टेक्टर गॉर्च हा दोन उडाणटप्पू भावांतला एक, दुसरा वॉरन ओट्स. फोर्डच्या सभ्य सार्जंटला पेकिनपाने दारूच्या पिंपात बसवलं आणि शेवटी मशीनगनच्या गोळीबारात मारलं. १९७२च्या 'ज्युनियर बॉनर'मध्ये मात्र तो रोडिओला जनावरं पुरवणारा ठेकेदार आहे. प्रेस्कॉट, ॲरिझोनातला खरा रोडिओ, आणि गोठ्याच्या कठड्याला टेकलेला जॉन्सन. असा टेकलेला ठेकेदार मी अकलूजच्या घोडेबाजारात जसाच्या तसा बघितलाय.

आता 'द लास्ट पिक्चर शो'. १९७१, दिग्दर्शक पीटर बोग्दानोविच, लॅरी मॅकमर्ट्रीची कादंबरी, आणि त्याच्याच गावात, टेक्सासमधल्या आर्चर सिटीत चित्रीकरण, कृष्णधवल. मरत चाललेलं गाव, आणि त्यातल्या बिलियर्ड हॉल, कॅफे आणि थिएटर या तिन्ही गोष्टींचा मालक सॅम द लायन. जॉन्सनने आधी नकार दिला. संवाद फार आहेत आणि भाषा घाणेरडी आहे, ही त्याची तक्रार. बोग्दानोविचने जॉन फोर्डला मध्ये घातलं. फोर्डने फोन करून विचारलं, आयुष्यभर वेनचा जोडीदारच राहायचंय का तुला? जुनं भांडण तोवर निवलं होतं. जॉन्सनने आपल्या संवादांतले आक्षेपार्ह शब्द काढून घेतले आणि मग हो म्हणाला.

पडद्यावर तो जेमतेम दहा मिनिटं आहे. त्यातले दोन प्रसंग मी शिकवायला वापरतो. पहिला: गावातल्या पोरांनी एका मुक्या, भोळ्या मुलाची विकृत थट्टा केलीये. सॅम त्यांना हाकलतो. आवाज चढत नाही. असल्या हलकट वागण्यात मी आयुष्य काढलंय आणि आता ते सोसायचा कंटाळा आलाय, एवढंच म्हणतो. नव्वद टक्के नट इथे ओरडतील. जनावरांत आयुष्य काढलेला माणूस ओरडत नाही, कारण ओरडल्याने जनावर बिथरतं. हात झटकत नाही, एकदम हलत नाही. ही सवय त्याच्या अंगात इतकी मुरलेली आहे की पायी चालतानाही तो घोड्याशेजारी असल्यासारखाच वावरतो.

दुसरा प्रसंग पाण्याच्या तळ्याकाठचा. मासे धरायला आलेला सॅम पोरांना वीस वर्षांपूर्वीची आठवण सांगतो: याच तळ्यावर एका तरुणीला घेऊन आलो होतो, तिने पैज लावली की घोडे पोहवत पलीकडे नेऊ, चांदीच्या एका डॉलरची पैज, आणि ती जिंकली. कॅमेरा हळूहळू जवळ जातो आणि हळूहळू मागे येतो. हात सिगारेट वळण्यात गुंतलेले. तो पोरांकडे क्वचितच बघतो. आठवण सांगताना माणूस श्रोत्याकडे बघत नाही, हे नाटकातल्या नटाला शिकवायला महिने जातात. आणि मग सॅम मरतो तो पडद्याबाहेर. पोरं मेक्सिकोहून परत येतात तेव्हा त्यांना कळतं. दहा मिनिटांच्या माणसाची उणीव उरलेला सगळा चित्रपट भासत राहते, ही त्या दहा मिनिटांची खरी मोजदाद.

१० एप्रिल १९७२च्या रात्री त्याला सहायक अभिनेत्याचं ऑस्कर मिळालं. त्याच चित्रपटातला जेफ ब्रिजेसही स्पर्धेत होता. चॅप्लिनला मानद ऑस्कर मिळालं तोच हा सोहळा. जॉन्सनने मंचावर सांगितलं की आता मी जे बोलणार त्यावर जगभर वाद होईल, आणि मग म्हणाला, हे बक्षीस याहून चांगल्या माणसाला मिळूच शकलं नसतं. सभागृह खळखळून हसलं.

तो अभिनय करत नाही, फक्त स्वतःसारखा वागतो, असं अनेक जण म्हणतात. तोही म्हणायचा: गावातला प्रत्येक जण माझ्याहून चांगला नट आहे, पण बेन जॉन्सनची भूमिका त्यांच्यापैकी कुणालाच जमणार नाही. मी हे मान्य करत नाही. विनोद म्हणून ठीक आहे. टायरी, ट्रॅव्हिस, कॅलोवे, टेक्टर आणि सॅम ही पाच माणसं एका साच्यातली नाहीत. टेक्टरचा पोरकट निर्लज्जपणा सॅममध्ये औषधालाही नाही. स्वतःसारखं वागून हे होत नाही. शिवाय दिवे, वीस-पंचवीस माणसं आणि घड्याळ डोक्यावर असताना स्वतःसारखं वागता येणं, हेच तर कौशल्य. मी शिकवलेल्यांपैकी ज्यांना ते लवकर जमलं, ते बहुतेक शेतावरून किंवा तालमीतून आलेले होते, आणि ज्यांना जमलं नाही त्यांना अभिनयाची पदके होती. यावरून नियम काढू नका, पण मला ते खटकतं खरं.

ऑस्करनंतर कामं वाढली, मानधन वाढलं. स्पीलबर्गच्या 'द शुगरलँड एक्सप्रेस'मधला पोलिस कॅप्टन आवर्जून बघण्यासारखा आहे. बाकी बरंच काही पोटापाण्याचं. मुलांच्या मदतीसाठी तो रोडिओ भरवायचा आणि साठी-सत्तरीतही घोड्यावर दिसायचा. ८ एप्रिल १९९६ रोजी ॲरिझोनातल्या मेसा इथे हृदयविकाराने गेला, वयाच्या ७७व्या वर्षी.

मालिकेसाठी तयारी करणाऱ्याने बघायचा क्रम असा ठेवावा. आधी 'शी वोर अ येलो रिबन', आवाज बंद करून, फक्त लगामाचा हात आणि खांदे. मग 'वॅगन मास्टर', आवाज चालू ठेवून, तो बोलायला किती उशीर लावतो ते मोजत. 'द लास्ट पिक्चर शो' सगळ्यात शेवटी, कारण त्यात घोडा नाही आणि तरी सगळं तेच आहे. या काळात रोज तबेल्यात जा, पण पहिले काही दिवस घोड्यावर बसू नका. खरारा करा, पाणी दाखवा, मोतद्दाराबरोबर उभे राहा, खोगीर स्वतः कसायला शिका. आपल्याकडे सहसा रायडिंग क्लबचं इंग्लिश खोगीर वर कापड टाकून वापरतात. त्यात रिकिबी आखूड असतात, त्यामुळे जॉन्सनची लांब पायांची बैठक तुम्हाला जशीच्या तशी मिळणार नाही. उसनी घेऊही नका, ती दुसऱ्या मुलखाची आहे. मोकळे खांदे आणि सैल हात मात्र कुठल्याही खोगिरात चालतात. आणि निर्मात्याने पहिल्याच दिवशी दौडीचा शॉट लावला, तर डुप्लिकेट मागून घ्या. जॉन वेनने घेतला होता.